याजकाचा कान

इ. स. पूर्व ४० मध्ये पार्थियन फौजांच्या पाठबळावर यरुशलेम हस्तगत केलेल्या अँटिगोनसासमोर त्याचा सख्खा चुलता, ज्यूंचा प्रमुख याजक दुसरा हिर्कानस, बंदिवान म्हणून उभा राहिला, तेव्हा पुतण्याने चुलत्याचा जीव घेतला नाही. शनिवारवाड्याची हकीकत ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला चुलत्या-पुतण्यांच्या वैराचे नवल नाही. नवल आहे ते अँटिगोनसाने योजलेल्या उपायाचे. त्याने म्हाताऱ्या चुलत्याचे कान निकामी केले. जोसीफस हा इतिहासकार, जो स्वतः याजककुळातला होता, एका ग्रंथात सांगतो की कान दातांनी तोडले, आणि दुसऱ्या ग्रंथात सांगतो की ते कापून टाकले. परंतु हेतूविषयी त्याची दोन्ही कथने एकच आहेत. धर्मशास्त्राप्रमाणे प्रमुख याजकाचे शरीर अव्यंग असावे लागे. कान गेला की पद गेले, आणि ते कायमचे गेले. त्यासाठी ना खटला चालवावा लागला, ना जाहीरनामा काढावा लागला.

या क्रौर्यात जी थंड हिशेबी अक्कल आहे ती समजण्यासाठी बायबलातील लेवीय या ग्रंथाचा एकविसावा अध्याय उघडावा लागतो. आंधळा, लंगडा, कुबडा, खुजा, हात किंवा पाय मोडलेला, डोळ्यात दोष असलेला, अंगावर खरूज असलेला, अशी बारा व्यंगांची यादी तेथे आहे, आणि आद्य याजक अहरोन याच्या वंशात जन्मलेल्या पुरुषातही त्यांपैकी एक आढळले तर त्याने वेदीजवळ जावयाचे नाही. पण पुढचेच कलम वाचावे. अशा पुरुषाला देवाच्या अन्नातील वाटा, अगदी परमपवित्र म्हणून गणलेला वाटादेखील, खाण्याची पूर्ण मुभा आहे. त्याच्या वतनाला धक्का नाही, ताटाला तोशीस नाही. फक्त सेवेचा अधिकार नाही. व्यंग हे त्याचे पाप असते तर पवित्र अन्न त्याच्या मुखी लागूच दिले नसते. म्हणजे ही शुचिता याजकाचा सद्गुण नव्हे. ती त्या पदाची अमानत होती, काही काळ एका देहाच्या स्वाधीन केलेली, आणि देहात जरा फरक पडताच परत घेतली जाणारी. ही एक गोष्ट ध्यानी धरली म्हणजे या कायद्यातील बऱ्याच विचित्र वाटणाऱ्या तरतुदी आपोआप जागेवर बसतात.

आणि हा कान तरी कोणता? अहरोन व त्याचे पुत्र यांचा याजकपदी विधिपूर्वक संस्कार झाला तेव्हा मोशेने मेंढ्याचे रक्त घेऊन ते त्यांच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावले, असे लेवीयाचा आठवा अध्याय सांगतो. त्या ग्रंथात याच तीन ठिकाणी रक्त लावून घेणारा दुसरा मनुष्य एकच आहे, आणि तो म्हणजे चर्मरोगातून बरा होऊन छावणीत परत येणारा रोगी. एक जिवंतपणी मृतवत् होऊन वेशीबाहेर राहिलेला, दुसरा वेदीच्या अंतर्भागी जाणारा. दोघांनाही उंबरठा ओलांडावयाचा आहे, आणि उंबरठ्यावरची खूण दोघांना सारखीच.

मृत्यूपासून दूर राहणे, हा या सर्व नियमांचा गाभा. सामान्य याजकाला आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ आणि अविवाहित बहीण एवढ्यांच्याच प्रेताशी संपर्क ठेवता येई. या यादीत पत्नीचे नाव स्पष्टपणे नाही, आणि पुढे शास्त्रींना ‘निकटच्या आप्ता’चा अर्थ पत्नी असा लावून तिला आत घ्यावे लागले. प्रमुख याजकाला तर आईबापांचेही प्रेत वर्ज्य. त्याने केस मोकळे सोडावयाचे नाहीत, वस्त्र फाडावयाचे नाही, पवित्रस्थान सोडून जावयाचे नाही. या कलमाची किंमत किती होती ते दहाव्या अध्यायात दिसते. अहरोनाचे दोन पुत्र, नादाब आणि अबीहू, धुपाटण्यात परका अग्नी घेऊन गेले आणि परमेश्वरासमोरून निघालेल्या ज्वाळेने जागच्या जागी मेले. त्यांना अहरोनाने उचलले नाही, त्यांच्या भावांनीही नाही. मिशाएल आणि एलसाफान या चुलतभावांनी ती प्रेते अंगातल्या झग्यांसकट छावणीबाहेर नेली. आणि बापाविषयी ग्रंथ एवढेच सांगतो की तो स्तब्ध राहिला. त्या मौनावर भाष्यकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला तर त्या ठिकाणी ग्रंथकाराचाच कंठ दाटलेला वाटतो.

येथे मराठी वाचकाच्या ओठांवर ‘सोवळे’ हा शब्द येणारच. पुराणिकाच्या घरात वाढलेल्या पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत केडगावी बसून मूळ भाषांवरून बायबल मराठीत उतरवले (ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, छापून निघाले), त्यांना लेवीयाची ही पाने उतरवताना लहानपणचे ओले धोतर आणि उंच दोरी आठवली नसेल असे म्हणवत नाही. साम्य आहेच, तरी ते ताणू नये. इस्राएली अशौच जन्माने कोणाला चिकटत नाही. प्रसूती, ऋतुस्राव, रेतस्खलन, चर्मरोग, प्रेतस्पर्श या मार्गांनी ते राजापासून मजुरापर्यंत सर्वांना लागते, आणि पाण्याने, सूर्यास्ताने, कधी सात दिवसांनी, कधी त्याहून अधिक मुदतीने उतरते. त्यात अपराध असा नाही. आईबापाला मूठमाती देणे हे तर कर्तव्यच. जेकब मिलग्रोम या पंडिताने लेवीयावर १९९१ ते २००१ या दशकात तीन जाडजूड खंड लिहून असे प्रतिपादन केले की अशौचाची ही सारी कारणे जीवनशक्तीच्या गळतीशी, म्हणजे मृत्यूशी, निगडित आहेत, आणि जीवनदात्या देवाच्या घरात त्या गळतीचा थेंबही जाऊ नये यासाठी हा सगळा बंदोबस्त आहे. सिद्धान्त सर्व ठिकाणी सारखा बसतो असे नाही, परंतु याजकाच्या बाबतीत तो फार चांगला बसतो. इ. स. पूर्व ५२० मध्ये हाग्गय संदेष्ट्याने याजकांना विचारलेला प्रश्नही याच अंगाचा आहे: पवित्र मांस पदरात बांधले आणि तो पदर भाकरीला लागला, तर भाकरी पवित्र होते काय? नाही, म्हणाले याजक. आणि प्रेताने विटाळलेला मनुष्य तिला शिवला तर? विटाळते. पावित्र्य पदरातून पुढे सरकत नाही, विटाळ मात्र सरकतो. या एकतर्फी व्यवहारामुळेच पहारा लागे.

तो पहारा प्रत्यक्षात कसा असे, हे इ. स. २०० च्या सुमारास यहूदा हनासी याने संकलित केलेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात वाचावयास मिळते. यरुशलेमचे मंदिर पडून तोवर सव्वाशेहून अधिक वर्षे झाली होती, तेव्हा त्यात आठवण किती आणि आदर्श किती हे तारतम्याने घ्यावे; तथापि काही तपशील असे आहेत की ते कल्पनेला सुचत नाहीत. मंदिराच्या आवारात शेगडीचे एक मोठे घुमटाकार दालन होते. रात्री तेथे वडीलधारे याजक किल्ल्या जवळ बाळगून निजत आणि तरुण याजक जमिनीवर आपापले अंथरूण टाकीत. झोपेत एखाद्या तरुणाला स्वप्नावस्था झाली तर तो गुपचूप उठे आणि मंदिराच्या पोटातून वळणे घेत जाणाऱ्या भुयारी वाटेने स्नानगृहाकडे उतरे. वाटेच्या दोन्ही अंगांना दिवे तेवत असत. खाली एक शेगडी असे आणि एक शौचकूप असे. त्या शौचकुपाचा मान मिश्ना मोठ्या गांभीर्याने नोंदवते: दार बंद असेल तर आत कोणी आहे असे समजावे, उघडे असेल तर नाही. बुडी मारून, अंग पुसून, शेकून तो वर येई आणि दरवाजे उघडेपर्यंत आपल्या भाईबंदांत बसून राही. मग निघून जाई. त्याला कोणी काही विचारीत नसे. बाहेर मात्र अधिकारी मशाली घेऊन फेरी घाली, आणि पहाऱ्यावरचा लेवी, म्हणजे मंदिराचा सेवक, झोपलेला सापडला तर त्याला मारण्याची व त्याचे वस्त्र जाळण्याची त्याला मुभा होती. एलिएझर बेन याकोब हा गुरू सांगतो, एकदा माझा मामाच झोपलेला सापडला आणि त्याचे वस्त्र जाळले.

याच्या शेजारी दुसरी एक तरतूद ठेवून पाहावी. एखाद्या याजकाने अशुचि असताना सेवा केली, तर त्याला न्यायसभेपुढे नेत नसत. तरुण याजकच त्याला अंगणाबाहेर काढून लाकडाच्या ओंडक्यांनी त्याचे डोके फोडीत. भुयारातून वर आलेल्याला शेगडीजवळ जागा, आणि विटाळ लपवून वेदीशी गेलेल्याला ओंडका. दोष विटाळात नव्हता, अमानतीच्या अफरातफरीत होता.

सेवेच्या दिनचर्येत शरीराला आराम नव्हताच. पितळेच्या गंगाळातून हातपाय धुतल्याशिवाय वेदीजवळ गेल्यास मृत्यू, अशी निर्गम या ग्रंथाची ताकीद. फरशीवर अनवाणी वावरणे, अंगात तागाची वस्त्रे आणि खाणे मांसाचे. त्यामुळे मंदिराच्या कामदारांच्या यादीत बेन अहिया नावाचा एक मनुष्य केवळ याजकांच्या पोटदुखीसाठी तैनात होता. धर्मेतिहासाच्या भव्य ग्रंथांत या बिचाऱ्याला दोन ओळींहून जास्त जागा कोणी दिलेली माझ्या पाहण्यात नाही.

प्रमुख याजकाची कसोटी वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी लागे. सात दिवस आधी त्याला घरातून हलवून मंदिरातील एका दालनात ठेवीत आणि काही विपरीत घडलेच तर म्हणून दुसरा याजक बदली तयार ठेवीत. शेवटच्या रात्री त्याला झोपू द्यावयाचे नाही. डुलकी लागली की तरुण याजक त्याच्यापुढे बोटांनी चुटक्या वाजवीत, उठून थंड फरशीवर उभे राहा म्हणत. ईयोब, एज्रा, इतिहास या ग्रंथांतून त्याला वाचून दाखवीत. दुसऱ्या दिवशी सोनेरी वस्त्रांतून शुभ्र तागाच्या वस्त्रांत आणि पुन्हा सोनेरी वस्त्रांत जाताना पाच वेळा बुडी आणि दहा वेळा हातपाय धुणे. तो वृद्ध किंवा नाजूक प्रकृतीचा असेल तर थंडी मोडण्यापुरते ऊन पाणी कुंडात मिसळीत. एवढे करूनही इ. स. पूर्व ४ च्या सुमारास, हेरोद राजाच्या अखेरच्या दिवसांत, थियोफिलसाचा मुलगा मत्थिया याला उपासाच्या आदल्या रात्री स्त्रीसंगाचे स्वप्न पडले, आणि दुसऱ्या दिवशीची सेवा त्याचा आप्त योसेफ याला करावी लागली. सबंध राष्ट्राचे वर्षाचे प्रायश्चित्त एका मनुष्याच्या झोपेवर टांगलेले होते. ती बदलीची तजवीज उगाच नव्हती.

सत्ताधाऱ्यांना हे कळत होते. प्रमुख याजकाची वस्त्रे रोमन हुकुमतीत कित्येक वर्षे अँटोनिया गढीत, दगडी कोठडीत, मोहरबंद पडून असत. गढीचा किल्लेदार तेथे रोज दिवा लावी. सणाच्या सात दिवस आधी ती याजकांच्या स्वाधीन होत, शुद्ध केली जात, आणि सण उलगडताच परत कुलुपात जात. सीरियाचा सुभेदार वितेल्लियस याने इ. स. ३६-३७ च्या सुमारास ती याजकांना परत दिली. अँटिगोनसाने कान तोडला. रोमने कापड ताब्यात ठेवले. दुसरी युक्ती अधिक सुसंस्कृत, एवढाच फरक.

प्रेताच्या विटाळावर मात्र पाणी पुरत नसे. त्याला तांबड्या कालवडीची राख लागे. जू न ठेवलेली, अव्यंग, आणि दोन केस जरी वेगळ्या रंगाचे निघाले तरी बाद होणारी ती कालवड छावणीबाहेर जाळून तिची राख झऱ्याच्या पाण्यात मिसळीत आणि तिसऱ्या व सातव्या दिवशी शिंपडीत. मिश्ना सांगते की हे पाणी आणणारे हात तरी निःसंशय असावेत म्हणून यरुशलेमात खडकावर, खाली पोकळी सोडून, अंगणे बांधली होती, म्हणजे जमिनीखाली अज्ञात कबर असली तरी तिचा विटाळ वर चढू नये. गरोदर स्त्रिया तेथे येऊन प्रसूत होत, मुले तेथेच वाढत. मग बैलांच्या पाठीवर दारांच्या फळ्या टाकून त्यांवर त्या मुलांना बसवीत, आणि हातात दगडी पेले घेऊन ती शिलोहाच्या तळ्यावर पाणी भरायला जात. खरे की रचलेले, हे मला ठरवता येत नाही. पण भीती किती सूक्ष्म झाली होती ते या एका चित्रात आहे. आणि चमत्कार असा की जी राख विटाळलेल्याला शुद्ध करी, ती सिद्ध करणारा याजक मात्र संध्याकाळपर्यंत अशुद्ध होई.

दगडी पेले मात्र कल्पनेतले नव्हेत. मातीचे भांडे विटाळले तर फोडावे लागे; दगडाला विटाळ लागत नाही असा शास्त्रार्थ होता. १९६९ पासून नहमान अविगाद यांनी यरुशलेमच्या ज्यू वस्तीत उत्खनन केले तेव्हा इ. स. ७० च्या आगीत जळालेले एक घर सापडले. त्यात मऊ चुनखडकाची भांडी होती, आणि एका दगडी वजनावर ‘बार कथ्रोस’ अशी अक्षरे होती. कथ्रोस हे प्रमुख याजकांचे घराणे, आणि तालमुदात त्याच्या लेखणीच्या जाचाबद्दल लोकांचा विलाप नोंदलेला आहे. भांडी निर्दोष, लेखणी विषारी.

मंदिर गेले, वेदी गेली, राखही संपली; शास्त्रार्थाने पाहता आज सगळेच प्रेतविटाळात आहेत. तरीही अहरोनाच्या वंशातला म्हणवणारा कोहेन परक्याच्या अंत्ययात्रेत दफनभूमीच्या आत जात नाही. पुष्कळ ठिकाणी कोहेन कुटुंबातल्या मृतांना वाटेच्या कडेच्या रांगेत पुरतात, म्हणजे घरच्या पुरुषांना आत पाऊल न टाकता, रस्त्यावरच उभे राहून, आजोबांच्या दगडावरची अक्षरे वाचता येतात.