लेखांक ९ : टेम्प्लेटमधला खोकला

टाळांच्या कर्कशपणावर ईक्यू कसा लावायचा, ते या आठवड्यात लिहीन म्हणालो होतो. ते राहू द्या. मेहकरच्या एका वाचकाचा प्रश्न डोक्यातून जात नाही : 'प्रत्येक भजनी मंडळ वेगळं. टेम्प्लेट केलं तरी निम्मं पुसावंच लागतं. मग फायदा काय?'

पुसावं लागतं, म्हणजे तुम्ही त्यात जास्तीचं भरलंय. मीही भरलं होतं. एका मंडळाचं काम छान जमलं म्हणून मी अख्खा प्रोजेक्ट, मुद्रित आवाजासकट, टेम्प्लेट म्हणून सेव्ह केला. पुढे कितीतरी दिवस नवा प्रोजेक्ट उघडला की पहिल्या ट्रॅकवर त्या बुवांचा खोकला हजर! एकदा तर तो दुसऱ्याच मंडळाच्या गवळणीत शिरला आणि पेनड्राइव्हवरून गावोगाव गेला.

भजनी मालिका आठवा. मंगलाचरण, रूपाचे अभंग, गवळण हा क्रम ठरलेला. चाल कोणती आणि किती आळवायचं, ते त्या रात्रीचं. टेम्प्लेटमध्ये क्रम ठेवा, रात्र ठेवू नका.

रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या माझ्या टेम्प्लेटमध्ये सहाच ट्रॅक आहेत. बुवांचा एक, टाळकऱ्यांचे दोन, पेटीचा एक आणि पखवाजाचे दोन : शाईकडचा नि कणकेकडचा. टाळाला माइक नाही. तो न बोलावता सहाही ट्रॅकवर येतो. नावं, रंग, इनपुट लावलेले, सहाही ट्रॅक रेकॉर्डसाठी सज्ज. बस्स. रीपर नवा प्रोजेक्ट १२० च्या लयीवर उघडतो, पण आपला गजर संथ सुरू होऊन टिपेला जातो. एका आकड्यात तो मावायचा नाही. म्हणून मेट्रोनोम बंद आणि स्नॅपही बंद, नाहीतर काप आपल्याला हव्या त्या जागी न पडता ग्रिडच्या रेघेवर पडतो. स्नॅपची चालू-बंद ऑल्ट आणि एसवर आहे.

पूर्ण भरलेलं टेम्प्लेट शोभतं ते पारायणाला. दासगणू महाराजांच्या 'श्रीगजानन विजय' ग्रंथाचे २१ अध्याय. वाचणारा एक, बैठक मात्र कित्येक दिवसांची. एकविसावा अध्याय पहिल्यासारखाच ऐकू यायला हवा. इथे ईक्यू, कॉम्प्रेसर सगळं टेम्प्लेटमध्ये ठेवा. तरी एक गोष्ट त्याला कळत नाही : इंटरफेसवरचं गेनचं हातानं फिरवायचं बटण. त्याचा आणि माइकच्या अंतराचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. तोही टेम्प्लेटचाच भाग समजा.

आता शॉर्टकट. यादी पाठ करू नका. भजन रंगात आलं की थांबवता येत नाही, म्हणून रेकॉर्डिंग चालू असताना मला एकच बटण लागतं : एम. पेटीचा सूर चुकला, एम. माइकला कुणाचा धक्का लागला, एम. आपलं शेगाव मुंबई-हावडा मार्गावरचं, त्यामुळे गाडीचा भोंगा आला की एम. प्रत्येक वेळी तिथे खूण पडते. मंडळ चहाला गेलं की चौकटी कंसांच्या दोन बटणांनी एका खुणेवरून दुसरीवर उडी मारायची, एसनं कापायचं, चुकलं तर कंट्रोल आणि झेड. तासाभराचं भजन पुन्हा पहिल्यापासून ऐकत चुका शोधायच्या नाहीत.

या आठवड्याला गृहपाठ एवढाच : एका बैठकीत माउसनं कोणतं काम सर्वांत जास्त वेळा केलं, ते वहीत मोजा. रीपरमध्ये प्रश्नचिन्ह दाबलं की ॲक्शन लिस्ट उघडते; त्या एकाच कामाला तिथे बटण द्या. दुसरं काम पुढच्या आठवड्यात.

आणि हो, टेम्प्लेट सेव्ह करण्याआधी प्ले दाबून पाहा. काही ऐकू आलं, तर आधी ते पुसा. ईक्यू पुढच्या वेळी नक्की. निदान आत्ता तरी तसं वाटतंय.