कैवारी

धारणीकडून बऱ्हाणपूरला निघालेली बस राज्याची हद्द ओलांडते आणि थोड्या वेळाने देडतलाईला थांबते. माझं माहेर अचलपूरचं. इथे मी सून म्हणून आले आणि मग इथल्याच मुलांना तीस वर्षं शिकवलं. शाळेत हिंदी, बाजारात निमाडी, कुंपणापलीकडे कोरकू आणि चुलीपाशी मराठी. प्रार्थना मात्र आयुष्यभर मराठीतच केली. दुसऱ्या भाषेत देवाशी बोलायला लागले की मी शाळेतल्या बाईंसारखी बोलते, असं माझ्या लक्षात आलं होतं.

तीन पावसाळ्यांपूर्वी माझे यजमान गेले. पुढच्या दिवसांत मंडळीतले, नात्यातले पुष्कळजण भेटायला आले. प्रत्येकाने एखादं वचन वाचून दाखवलं. देवाची योजना असते, सगळं मिळून शेवटी भल्याचंच होतं, तो जास्त देत नाही. सगळ्यांचा भाव खरा होता. पण माझ्या आत काही उतरत नव्हतं. लहानपणापासून तोंडपाठ असलेली स्तोत्रं दुसऱ्याच कुणाच्या घरातली भांडी असावीत तशी परकी वाटू लागली.

एका रात्री योहानाचं शुभवर्तमान उघडलं. शेवटच्या भोजनानंतर येशू शिष्यांचा निरोप घेतो, तो भाग. आपण गेल्यावर तुम्हाला पोरकं सोडणार नाही, पिता दुसरा कुणीतरी देईल, असं तो त्यांना सांगतो. त्या 'कुणीतरी'साठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ साधारण 'जवळ बोलावलेला' असा. जुन्या इंग्रजी बायबलात त्याचं भाषांतर 'सांत्वन करणारा' असं झालं. आमच्या मराठी शास्त्रात तिथे 'कैवारी' आहे. पन्नास वर्षं हा शब्द वाचत होते, पण त्या रात्री पहिल्यांदा त्यापाशी थांबले. कैवार घेणं म्हणजे काय, हे मराठी बाईला सांगावं लागत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी भरल्या घरात माझी चूक निघाली, तेव्हा सासूबाई काही न बोलता माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. चूक माझीच होती. तरी त्या उभ्या राहिल्या. कैवारी आधी बाजूला येतो; बरोबर-चूक काय ते मागून.

मग मनात आलं, आपल्या आधी मराठीत ज्यांनी या प्रीतीवर भार टाकला त्यांचं काय झालं? त्यांना आधार कधी मिळाला, कशातून मिळाला, आणि पुढची वाट कुणी दाखवली? गेल्या दोन वर्षांत जमेल तसं वाचत गेले. हा आढावा त्या वाचनाचा आहे. तो विद्वानाचा नाही, गरजवंताचा आहे.

सुरुवात गोव्यापासून करावी लागते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली तिथे आला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. त्याचं क्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, भाषा मराठी, लिपी रोमन. त्या काळच्या गोव्यात देवळं पाडली गेली होती, धर्म बदलण्यामागे सत्तेचा धाक होता. ते झाकून देवाच्या प्रीतीची गोष्ट सांगणं मला पटत नाही. पण ज्यांच्या हातून जुनी पुराणं गेली त्यांना ऐकायला काहीतरी हवं आहे, हे त्या परक्या माणसाला कळलं. त्याने त्यांना पोर्तुगीज प्रवचनं दिली नाहीत, ओवी दिली. दुःखी माणसाला त्याच्या कानाला ओळखीची लय लागते, हे स्टीफन्सला कळलं होतं. मला भेटायला आलेल्या पुष्कळांना ते कळलं नव्हतं.

आमच्या या डोंगराकडे ही वार्ता फार उशिरा आली. अल्बर्ट नॉर्टन हे अमेरिकन मिशनरी अचलपूर-मेळघाटाच्या बाजूला कोरकूंमध्ये राहून काम करत. कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातली भाषा नव्हे. तिचं नातं मुंडारी-संथाळीशी आहे. जॉन ड्रेक यांनी लिहिलेलं तिचं व्याकरण १९०३ साली कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मिशन छापखान्यात छापलं गेलं. इथे शिकवताना मी पाहिलं आहे, पहिलीतलं कोरकू पोर हिंदीत उत्तर देतं, पण पडून गुडघा फुटला की आईला हाक कोरकूतच मारतं. व्याकरण लिहिणाऱ्याने ती हाक ऐकली असणार, असं मी मनाशी धरून चालते. निमाडच्या मैदानातल्या बलाही समाजात कॅथलिक धर्मगुरूंनी काम केलं. त्यांच्यातले स्टीफन फुक्स यांनी त्या समाजावर 'द चिल्ड्रन ऑफ हरी' हा ग्रंथ लिहिला, तो १९५० साली निघाला.

हेच नॉर्टन पुढे दौंडला अनाथ मुलांचं घर चालवू लागले. तिथून केडगाव जवळ, आणि केडगाव म्हटलं की पंडिता रमाबाई. त्यांच्यापाशी मी सर्वांत जास्त थांबले.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. कुटुंब तीर्थांतरी पुराण सांगत फिरायचं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळाने आधी अन्न नेलं, मग वडील, आई, थोरली बहीण. झाडपाला खाऊन दिवस काढले. उरलेले बहीण-भाऊ पायी उत्तर हिंदुस्थान फिरले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले. चोविसाव्या वर्षी ही बाई तान्ह्या मनोरमेला घेऊन एकटी उभी होती. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहत असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आपल्याकडे ही गोष्ट इथे थांबवतात, जणू बाप्तिस्म्याच्या पाण्याने सगळं दुःख धुऊन निघालं. रमाबाई स्वतः असं सांगत नाहीत. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या सरळ म्हणतात की १८८३ मध्ये त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त सापडायला आणखी सुमारे आठ वर्षं लागली. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून ओसरीवर जाऊन बसले. इतकी बुद्धिमान, इतकी प्रामाणिक बाई, आणि तिलाही आठ वर्षं! मग मी तीन महिन्यांत कोरडी पडले म्हणून स्वतःला अविश्वासी का ठरवत होते?

त्या आठ वर्षांत त्या रित्या बसल्या नव्हत्या. अमेरिकेत जाऊन आल्या, १८८९ साली मुंबईत शारदासदन काढलं. काम आधी सुरू झालं, मनाची शांती मागून आली. आधी देव मनात स्थिर व्हावा, मग तो वाट दाखवील, असा क्रम आपण धरतो. त्यांच्या आयुष्यात वाटेवर चालता चालता तो भेटला.

मग १८९६-९७चा दुष्काळ. मध्य प्रांतात माणसं मरत होती, तेव्हा रमाबाई पुण्याहून तिथे आल्या. त्या मध्य प्रांतात आमचा निमाड जिल्हाही होता. प्रांतातल्या दुष्काळछावण्या त्यांनी पाहिल्या, आणि अनाथ मुली, विधवा यांना घेऊन परत गेल्या. केडगावचं मुक्तिसदन त्यातून उभं राहिलं. त्यांना वर्तमानपत्रातून दुष्काळ कळला नव्हता, तो त्यांच्या अंगावरून गेला होता. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी पौल म्हणतो ते असं की आपल्याला संकटात सांत्वन मिळतं ते दुसऱ्याच्या संकटात त्याला देता यावं म्हणून. रमाबाईंनी ते अक्षरशः केलं, बैलगाडीत आणि आगगाडीत बसवून.

भाकरी देऊन बाटवलं, असा आरोप तेव्हाही झाला, आजही होतो. तो मी झटकून टाकत नाही. भुकेलेल्याची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न आम्हा ख्रिस्ती लोकांनी स्वतःला विचारलाच पाहिजे. पण मरणाच्या दारातल्या मुलीपुढे ताट ठेवणाऱ्या बाईने आपला देव बाहेर ठेवून आत यावं, ही अपेक्षाही मला अन्यायाची वाटते.

शेवटची वर्षं त्यांनी बायबलाच्या भाषांतराला दिली. चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. चालू भाषांतर संस्कृत शब्दांनी जड झालं होतं. आपल्या मुलींना, खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी हवी होती. जुळणी, छपाई केडगावातच, मुक्तीच्या बायकांच्या हातून. १९२१च्या जुलैत मनोरमा गेली, जिच्यावर पुढची सगळी भिस्त होती ती एकुलती एक लेक. रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या, काम त्याआधी थोडंच पुरं झालं होतं. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. लेकीच्या मरणानंतरच्या त्या आठ-नऊ महिन्यांत त्या देवाशी काय बोलल्या असतील, याचा मी पुष्कळ रात्री विचार केला आहे.

टिळक पतिपत्नींचं निराळं. नारायण वामन टिळकांना १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीतल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते सांगत. 'उपासना संगीत' या आमच्या गीतपुस्तकातली त्यांची गीतं आम्ही आजही गातो. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त राजा म्हणून क्वचितच येतो. तो गुरू आहे, सखा आहे आणि पुन्हा पुन्हा आई आहे. यशयाच्या पुस्तकात देव स्वतःची तुलना लेकराला न विसरणाऱ्या आईशी करतो. विठाई म्हणणाऱ्या मराठी मनाला ते कळायला भाष्य लागलं नाही.

पण टिळकांना वाट मिळाली तेव्हा लक्ष्मीबाईंची वाट मोडली, हे विसरून चालणार नाही. नवरा धर्म सोडून गेला आणि त्या काही वर्षं दुसऱ्यांच्या दारी राहिल्या. पुढे परत आल्या तरी चूल वेगळी, पाणी वेगळं. 'स्मृतिचित्रे'त त्यांचं मन पालटल्याचा जो प्रसंग आहे त्यात ना दर्शन आहे ना आकाशवाणी. एकट्या बसल्या असताना त्यांच्या मनात आलं, जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर जन्मण्यात, मरण्यात काही फरक दिसला असता. विचार पुरा झाला आणि त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. १९०० साली बाप्तिस्मा घेतला. देवाचं मार्गदर्शन म्हणजे काहीतरी विलक्षण घडणं, अशी माझी समजूत होती. इथे ते एका सरळ विचाराच्या रूपाने आलं, आणि त्याची परीक्षा पाण्याच्या भांड्यावर झाली.

९ मे १९१९ला टिळक गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' जेमतेम सुरू झालेलं होतं. पहिले दहा-अकरा अध्याय त्यांचे, पुढचे साठांहून अधिक लक्ष्मीबाईंचे, शेवटाला मुलगा देवदत्तांचा हात. लिहायला-वाचायला नवऱ्याने शिकवलं, त्याच नवऱ्याचं अपुरं महाकाव्य या बाईने पुढे नेलं.

हे वाचताना मला कपाटातली वही आठवली. आमची मंडळी लहान, पाळक बाहेरून येतात. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांची नोंदवही माझे यजमान ठेवायचे. ते गेल्यापासून ती कुणी उघडली नव्हती. मी उघडली. त्यांच्या अक्षरातली शेवटची नोंद एका मुलीच्या बाप्तिस्म्याची होती. त्याखाली पहिली नोंद मला करायची होती ती त्यांच्याच मृत्यूची. तारीख लिहिली, वय लिहिलं, नाव लिहिलं. हात थरथरला, पण अक्षर बिघडलं नाही. गेल्या कित्येक महिन्यांत त्या रात्री मी पहिल्यांदा मराठीत प्रार्थना केली, दोनच वाक्यांची.

तेविसावं स्तोत्रही मग परत आलं. पावसाळा सरला की राजस्थानचे मेंढपाळ उंट आणि मेंढरं घेऊन आमच्या बाजूने जातात. नुकतं जन्मलेलं कोकरू चालू शकत नाही, ते माणसाच्या काखेत असतं. हे दरवर्षी पाहते. स्तोत्रात मात्र एक गोष्ट पाहायची राहिली होती. आरंभी, हिरवी कुरणं आहेत तोवर, गाणारा देवाविषयी बोलतो: 'तो' असा, 'तो' तसा. मरणाच्या अंधाऱ्या खोऱ्यात उतरला की एकदम 'तू' म्हणू लागतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' शेजारी ठेवून पाहिलं, तिथेही तसंच. दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, २०२४च्या जुलैत गेले. त्यांच्या सोप्या मराठीचे माझ्यावर उपकार आहेत.

एक सांगायचं राहिलं. यजमान गेले त्या आठवड्यापासून शेजारची कोरकू बाई रोज दिवेलागणीला यायची. ती आमच्या मंडळीतली नाही, तिचे देव वेगळे. हातात कधी भाकरी-चटणी, कधी काहीच नाही. पायरीवर बसायची, मी बोलले तर ऐकायची, नाहीतर अंधार पडेपर्यंत तशीच. "बहनजी, चलती हूँ," एवढंच म्हणून उठायची. वचनं ऐकवणाऱ्यांच्या गर्दीत तिच्याकडे माझं नीट लक्षही गेलं नव्हतं. 'कैवारी' शब्दापाशी थांबले त्या रात्री डोळ्यांपुढे सासूबाई आल्या, आणि त्यांच्यामागून ही.

या भाद्रपदात तिचा थोरला मुलगा गेला. कामासाठी बाहेरगावी होता, तिथून निरोप आला. मी बायबल हातात घेतलं होतं, ते टेबलावर परत ठेवलं. चहापत्ती आणि साखर पदराखाली घेतली आणि कुंपणाच्या फटीतून तिच्या अंगणात गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. मी शेजारी बसले.