मतदान यंत्रापुढचा साक्षीदार
लेखांक ५

मागील लेखांकात मतदान यंत्राचा पूर्वेतिहास आपण पाहिला : १९८२ साली केरळातील परूर मतदारसंघाच्या ५० केंद्रांवर झालेला पहिला प्रयोग, कायद्याचा आधार नाही या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली तो अवैध ठरविल्याची हकीकत, त्यानंतर लोकप्रतिनिधित्व कायद्यात दाखल झालेले कलम ६१-अ, आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर सुरू झालेला यंत्राचा अंमल. या साऱ्या स्थित्यंतरात मतपेटी गेली, शिक्का गेला, घडी घातलेली मतपत्रिका गेली; परंतु उमेदवाराच्या माणसाने केंद्रात बसून सर्व कारभार डोळ्यांखाली घालावा, हा मतपेटीच्या काळातला अधिकार मात्र अबाधित राहिला. यंत्राविषयी शंका बोलून दाखविणाऱ्यांची संख्या आज मोठी आहे. या अधिकाराचा पुरता उपयोग करणाऱ्यांची तितकी नाही. म्हणून आजचा लेखांक मतदान प्रतिनिधीसाठी, म्हणजेच पोलिंग एजंटसाठी, राखून ठेवला आहे.

कोणाही नागरिकाला केवळ आपल्या मर्जीने केंद्रात ठाण मांडता येत नाही. उमेदवाराने अथवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने नमुना १० वर सही करून नेमणूक द्यावी लागते. प्रत्येक केंद्रासाठी एक प्रतिनिधी व दोन बदली प्रतिनिधी नेमता येतात, मात्र एका वेळी आत एकानेच बसावयाचे असते. सरकारी नोकराला हे काम वर्ज्य असून ते केल्यास तो अपराध ठरतो. बाकी शिक्षण वा तांत्रिक ज्ञान यांची कोणतीही मोठी अट नाही. खरेदीखतावर साक्ष घालणाऱ्याला जमिनीची मोजणी यावी लागत नाही, त्याने व्यवहार समक्ष पाहिलेला असला म्हणजे पुरते. तसेच येथेही आहे.

या साक्षीचा सर्वांत मोलाचा भाग मतदार येण्यापूर्वीच उरकतो. मतदान सकाळी ७ वाजता सुरू होणार असेल, तर त्याआधी ९० मिनिटे, म्हणजे साडेपाच वाजता, अभिरूप मतदानास आरंभ होतो. त्या वेळी एकही प्रतिनिधी हजर नसेल तर केंद्राध्यक्ष सुमारे १५ मिनिटे वाट पाहतात आणि पुढे काम चालू करतात. प्रत्येक उमेदवाराला आणि ‘नोटा’लाही मते देऊन किमान ५० मते नोंदविली जातात, कंट्रोल युनिटवरील निकाल व व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, पेटीतील चिठ्ठ्या यांचा मेळ सर्वांसमक्ष घातला जातो, मग यंत्रातील ती मते पुसून शून्य दाखविले जाते, चिठ्ठ्या काढून घेऊन त्यांवर शिक्का मारून त्या काळ्या लिफाफ्यात मोहोरबंद केल्या जातात, आणि यंत्राला लावावयाच्या हिरव्या कागदी मोहरेवर प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या जातात. त्या मोहरेचा अनुक्रमांक प्रतिनिधीने आपल्या वहीत टिपून घ्यावा.

या ५० मतांना क्षुल्लक समजू नये. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला. तेथे असा काही प्रमाद घडला असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु एखाद्या केंद्रावर ही मते पुसण्याचे राहून गेले, तर त्या एका विस्मृतीने मतांच्या आकड्यात पडणारी भर या फरकाहून मोठी असते, एवढे ध्यानात यावे. असा दोष ज्या क्षणी घडतो त्याच क्षणी तो पाहणारा माणूस समोर असेल, तर तो अर्ध्या मिनिटात निस्तरता येतो. मतमोजणीच्या दिवशी तोच दोष वादाचे मूळ होऊन बसतो.

दिवसभराच्या कामात दोन प्रसंगी विशेष सावध राहावे. यंत्र बिघडून दुसरा संच आणला गेला, तर त्यावरही अभिरूप मतदान व्हावे लागते. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराला आणि ‘नोटा’ला एकेक मत देऊन पडताळा घेतात. दुसरा प्रसंग मतदाराच्या तक्रारीचा. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेमागे ७ सेकंद दिसते. बटण एकाचे दाबले आणि चिठ्ठी दुसऱ्याची आली असे कोणी म्हटल्यास नियम ४९-एमए अन्वये त्याच्याकडून लेखी प्रतिज्ञापन घेऊन, केंद्राध्यक्ष व प्रतिनिधी यांच्यासमक्ष एक चाचणी मत द्यावयास सांगितले जाते. तक्रार खरी निघाली तर त्या यंत्रावरील मतदान तत्काळ थांबते. खोटी निघाली तर तक्रारदार शिक्षेस पात्र होतो. असा प्रसंग आल्यास प्रतिनिधीने गलका न करता वेळ आणि घडलेला प्रकार नोंदवून ठेवावा.

मतदान संपल्यावर थकलेला प्रतिनिधी घरी जाण्याची घाई करतो, आणि हातचा सर्वांत मोठा दस्तऐवज मागे टाकून जातो. नमुना १७-सी मध्ये यंत्रांचे क्रमांक, मतदार नोंदवहीतील एकूण नोंदी आणि यंत्रात नोंदलेली एकूण मते यांचा हिशेब असतो. त्याची साक्षांकित प्रत प्रत्येक हजर प्रतिनिधीला देण्यास केंद्राध्यक्ष बांधलेले आहेत. मोजणीच्या दिवशी टेबलावर आलेले यंत्र तेच आहे की नाही आणि त्यातील मतांचा आकडा तोच आहे की नाही, याची खातरजमा सामान्य माणसाला करता येते ती या एका कागदावरून.

या साक्षीला मर्यादा आहे हेही निखालस सांगितले पाहिजे. यंत्राच्या अंतर्भागात काय चालते हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी विधानसभेच्या प्रत्येक क्षेत्रातील ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजण्याची तरतूद २०१९ पासून आहे. सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी अमान्य केली, परंतु दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना ५ टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची मुभा दिली. ही तरतूद पुरेशी आहे काय, हा वादाचा विषय आहे आणि तो वाद चालू राहणे योग्यच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी मतपत्रिकेवर स्वतःच फेरमतदान घेण्याचा घाट घातला आणि प्रशासनाने तो रोखला, तेव्हा ही अस्वस्थता साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. परंतु असे मतदान कायद्याच्या दरबारी रुजू होत नाही. सहीशिक्क्याचा नमुना १७-सी होतो.

म्हणून वाचकांना विनंती एवढीच की, यंत्रावर आपला विश्वास असो वा नसो, येत्या निवडणुकीत आपल्या पसंतीच्या उमेदवाराकडून वेळेवर नेमणूक मागून घ्यावी, साडेपाचला केंद्रावर हजर व्हावे, आणि नमुना १७-सी ची प्रत हातात पडल्याखेरीज केंद्र सोडू नये. त्या प्रतीचा मोजणीच्या टेबलावर कसा उपयोग करावयाचा, ते पुढील लेखांकी पाहू.