शेजार, मैत्री आणि बंधुता : भिवंडीच्या मोहल्ला समित्यांचा धडा

करुणा आणि मैत्री हे दोन शब्द या शाळेत शिकून गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचे आहेत. वंदनेच्या वेळी ते कानी पडतात, वर्गात त्यांचा अर्थ सांगितला जातो, परीक्षेत त्यांवर प्रश्नही येतात. परंतु शाळेचे फाटक ओलांडून तोच विद्यार्थी गावात, वस्तीत किंवा शहरातील चाळीत संसार थाटतो, तेव्हा त्याच्या एका बाजूला मुस्लिम शेजारी असतो, दुसऱ्या बाजूला हिंदू, पलीकडे एखादे ख्रिस्ती कुटुंब. तेथे या शब्दांचे काय करावयाचे? मनात करुणा असणे ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु एखादी वस्ती करुणामय होते ती नेमकी कशाने? स्मरणिकेच्या या लेखात आम्ही याच प्रश्नाचा विचार इतिहासाच्या आधारे करू इच्छितो. त्यासाठी आम्ही निवडलेले उदाहरण दूरचे नाही. ते आपल्या महाराष्ट्रातील, ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या यंत्रमागांच्या शहराचे आहे.

केवळ आठवण पुरत नाही

भिवंडीकडे वळण्यापूर्वी महाडचा उल्लेख करणे आवश्यक आहे. मार्च १९२७ मधील चवदार तळ्याचा सत्याग्रह आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षी डिसेंबरात भरलेल्या दुसऱ्या परिषदेच्या वेळी मंडपासाठी जागा देण्यास गावातील कोणी तयार होईना. तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे आणि गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ही स्पृश्य समाजात जन्मलेली मंडळी बाबासाहेबांच्या बाजूने उभी होती. मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव सहस्रबुद्धे यांनीच मांडला होता. धर्म आणि जात यांच्या भिंती ओलांडून न्यायासाठी एकत्र येण्याचे याहून मोठे उदाहरण आधुनिक महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

पुढे मे १९७० मध्ये महाराष्ट्रात जातीय दंगली झाल्या आणि त्यांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमण्यात आला. या आयोगाने तीन गावांची चौकशी केली : भिवंडी, जळगाव आणि महाड. ज्या महाडात एका मुसलमानाच्या जागेवर मानवमुक्तीची परिषद भरली, त्याच महाडचे नाव ४३ वर्षांनंतरच्या दंगलीच्या चौकशी अहवालात यावे, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारी आहे. यातून आम्हांस एकच बोध होतो. पूर्वजांचा चांगुलपणा वारशाने आपोआप मिळत नाही. त्याची आठवण ठेवणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. चांगुलपणाला रोजच्या व्यवहारात काही रचना लागते.

भिवंडीत काय घडले

भिवंडी हे कापड विणणाऱ्यांचे शहर. येथे मुस्लिम विणकर आहेत, तेलंगणातून आलेले पद्मशाली आहेत, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार आहेत, सुताचा आणि कापडाचा व्यापार करणारे मारवाडी व गुजराती आहेत, शिवाय मराठी भाषक आहेतच. एकाने सूत आणावे, दुसऱ्याने विणावे, तिसऱ्याने विकावे अशी येथील घडी. असे एकमेकांवाचून ज्यांचे चालत नाही ती माणसे एकमेकांच्या जिवावर उठणार नाहीत, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तेथे दंगल उसळली आणि मे १९८४ मध्ये पुन्हा मोठा रक्तपात झाला. तो ठाणे आणि मुंबईपर्यंत पसरला. याचा अर्थ असा की व्यापारातील गरज माणसांना जवळ आणते, परंतु ती विश्वास निर्माण करतेच असे नाही. व्यवहार उरकला की प्रत्येक जण आपापल्या मोहल्ल्यात परततो आणि पलीकडच्या मोहल्ल्याविषयी जे ऐकू येईल ते खरे मानतो.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. शांतता समित्या त्यापूर्वीही असत. परंतु अशी समिती म्हणजे बहुधा प्रतिष्ठितांची यादी. सण तोंडावर आला किंवा तणाव वाढला की पोलीस ठाण्यात बैठक बोलावली जाई, चहापान होई, शांततेचे आवाहन निघे आणि मंडळी पुढच्या संकटापर्यंत घरी जात. खोपडे यांनी ही पद्धत उलटी केली. त्यांनी शहराचे लहान लहान भाग पाडून सुमारे ७० मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत पुढाऱ्यांऐवजी त्या त्या भागातील सामान्य रहिवासी घेतले, हिंदू आणि मुस्लिम दोघेही घेतले, आणि प्रत्येक भागाशी पोलीस शिपायाचा नित्याचा संबंध जोडला. मुख्य म्हणजे या समित्यांच्या बैठका शांततेच्या काळातही नियमाने होऊ लागल्या.

६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली. डिसेंबर आणि जानेवारी अशा दोन टप्प्यांत मुंबई जळत राहिली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे त्यात सुमारे ९०० माणसे मारली गेली. १९७० आणि १९८४ चा अनुभव पाहता भिवंडीत याहून भयंकर घडेल अशी धास्ती होती. भिवंडी मात्र शांत राहिली. पुढे खोपडे यांनी या अनुभवावर पुस्तक लिहिले. ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे त्याचे नाव. जातीय हिंसाचाराचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनीही आपल्या ग्रंथात भिवंडीच्या या प्रयोगाची नोंद घेतली आहे.

समित्यांनी नेमके काय साधले

येथे थोडे थांबून कारणांचा विचार केला पाहिजे; कारण नुसते ‘लोक एकत्र आले’ असे म्हटल्याने काहीच समजत नाही.

पहिली गोष्ट अफवेची. दंगलीपूर्वी अफवा येते. अमुक ठिकाणी प्रार्थनास्थळ विटाळले, तमुक ठिकाणी मुलीस पळविले, असे कोणी सांगतो. ऐकणाऱ्याला पलीकडच्या मोहल्ल्यातील एकही माणूस नावाने ठाऊक नसेल, तर खरेखोटे विचारणार कोणास? मात्र दर काही दिवसांनी ज्याच्या शेजारी सतरंजीवर बसतो असा एखादा जरी ओळखीचा असला, तरी तत्काळ जाऊन विचारता येते. अफवेला उत्तर मिळते ते ओळखीकडून. भाषणाने ती विझत नाही.

दुसरी गोष्ट लहान तक्रारींची. नळाचे पाणी, तुंबलेले गटार, भाडेकरूचा वाद, दोन पोरांतील हाणामारी असे विषय बैठकीत वेळीच बोलले गेले, तर ते दोन माणसांमधील वाद राहतात. न बोलता साठत गेले, तर एके दिवशी त्यांना धर्माचे नाव मिळते. पाण्याचे भांडण पाण्याचेच राहू देणे हे मोठे शांतताकार्य आहे.

तिसरी गोष्ट पोलिसांची. संकटसमयी ज्याच्यावर भरवसा ठेवावयाचा तो शिपाई एरवीही वस्तीस ठाऊक असला पाहिजे आणि वस्तीही त्यास. अनोळखी माणसांच्या हाती लाठी असली की दोन्ही बाजूंना भय असते.

मुंबईतही १९९२-९३ च्या संहारानंतर ज्युलिओ रिबेरो, तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. तिने नागरी प्रश्न हाती घेतले आणि वस्त्यावस्त्यांतील तरुणांचे क्रिकेटचे सामनेही भरविले. एका संघातून खेळणाऱ्यास सोबत्याचा धर्म पाहून चेंडू टाकता येत नाही.

सलोखा म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे

आमच्या समाजातील जाणत्या मंडळींकडून येथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ‘सलोखा राखा’ हे वाक्य आम्हांस पिढ्यान्‌पिढ्या ऐकविले गेले. गावकुसाबाहेर राहणाऱ्याने पाण्याचा हक्क मागितला की गावाची शांतता भंग झाली, असे म्हटले जाई. महाडातही तळ्याचे पाणी प्याल्यावर मार खाल्ला तो आमच्याच माणसांनी. मग सर्वधर्मीय सलोख्याच्या गोष्टी म्हणजे अन्यायावर घातलेले पांघरूण नव्हे काय?

सलोख्याचा अर्थ गप्प राहणे असा असेल, तर हा आक्षेप पूर्णपणे मान्य करावा लागेल. परंतु भिवंडीचा प्रयोग यशस्वी झाला तो तक्रार दाबून नव्हे, तर तक्रारीला वेळेवर जागा देऊन. ज्या बैठकीत दुर्बलास आपले गाऱ्हाणे मांडता येत नाही ती बैठक मैत्रीची नव्हे. म्हणून आम्हांस वाटते की आपल्या लोकांनी अशा समित्यांपासून दूर राहू नये. त्यांत बरोबरीने बसावे आणि जातीचा प्रश्नही तेथे मांडावा. धर्माधर्मांतील भिंत पाडावयाची आणि जातीची तशीच उभी ठेवावयाची, ही अर्धी बंधुता होय.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना एकमेकांपासून वेगळे करता येत नाही असे बजावले होते. बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य वरवरचीच ठरतील, हा त्यांच्या सांगण्याचा आशय. आपले तत्त्वज्ञान आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून नव्हे, तर तथागतांच्या शिकवणुकीतून घेतले, असेही त्यांनी १९५४ मध्ये आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट केले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ते करुणेच्याही पुढे मैत्रीकडे जातात. आमच्या समजुतीप्रमाणे, दुःखिताकडे पाहून मन कळवळणे ही करुणा. मैत्रीत मात्र सर्व जिवांविषयी सारखीच आपुलकी असते आणि तीत वरचा-खालचा हा भेद उरत नाही. शेजारासाठी हा फरक फार मोलाचा आहे. दंगलीनंतर घोंगड्या वाटणे ही करुणा आहे. दंगल होऊ नये म्हणून दर पंधरवड्याला शेजाऱ्याबरोबर बसणे ही मैत्री आहे.

मर्यादाही पाहू

या प्रयोगाचे गुणगान करताना त्याच्या मर्यादा झाकणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. अधिकाऱ्याच्या पुढाकारावर उभे राहिलेले काम त्याच्या बदलीनंतर सैल पडण्याचे भय असते. जुलै २००६ मध्ये भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तंटा उद्भवला. ती जागा कब्रस्तानाची असल्याचा रहिवाशांचा दावा होता. गोळीबारात माणसे मेली आणि नंतर दोन पोलीस शिपायांची हत्या झाली. हा वाद हिंदू आणि मुस्लिम यांच्यातील नव्हता. तो रहिवासी आणि पोलीस यांच्यातील होता. जो धागा १९९२ मध्ये टिकला तोच येथे तुटला. विश्वास हा एकदा भरून ठेवावयाचा रांजण नाही; तो रोज भरावा लागतो. म्हणून अशा कामाची सूत्रे रहिवाशांच्या हाती असणे अगत्याचे आहे.

एका पंगतीचे महत्त्व

हे सर्व निवासी शाळेच्या स्मरणिकेत का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की मोहल्ला समितीने प्रौढांकडून जे करवून घ्यावे लागते, ते वसतिगृह लहान वयातच सहजपणे घडवू शकते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मराठा, जैन, मुस्लिम, अस्पृश्य अशा समाजांसाठी वसतिगृहे उघडली. शिक्षणापासून वंचित असलेल्यांना शहरात डोके टेकावयास जागा मिळाली, हे त्यांचे ऋण थोर आहे. ही वसतिगृहे मात्र समाजवार वेगळी होती. जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा पुढचे पाऊल टाकले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहत, स्वयंपाक करीत आणि एका पंगतीस जेवत. लक्ष्मीबाईंनी या मुलांच्या पोटासाठी आपले दागिने मोडले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले. ज्याच्या ताटाशेजारी दहा वर्षे ताट मांडले, त्याच्याविषयीची अफवा मनुष्य सहजासहजी खरी मानीत नाही.

आमचे माजी विद्यार्थी आज अनेक गावांत आणि शहरांत विखुरलेले आहेत. त्यांच्याकडे आमचे मागणे मोठे नाही. आपल्या वस्तीत अन्य धर्माच्या दोन कुटुंबांशी तरी नावानिशी ओळख असावी. सण, मिरवणूक किंवा जयंती येण्यापूर्वीच वाटेवर राहणाऱ्यांशी बोलून मार्ग आणि वेळ ठरवावी; आपल्या भीमजयंतीची मिरवणूकही यास अपवाद नसावी. भ्रमणध्वनीवर आलेला भडक मजकूर पुढे पाठविण्यापूर्वी पलीकडच्या ओळखीच्या माणसास विचारावे. पाणी, गटार, रेशन यांच्या प्रश्नांवर सर्वांनी मिळून अर्ज करावा. पालकांनी मुलांच्या परधर्मीय मित्रास घरी जेवावयास बोलवावे आणि मुलास त्याच्या घरी पाठवावे.

ही कामे लहान आहेत, त्यांची बातमी होत नाही. १९९२ च्या डिसेंबरात भिवंडीतील एखाद्या गल्लीत ज्या रात्री काहीच घडले नाही, त्या रात्रीचीही बातमी झाली नव्हती. परंतु सकाळी त्या गल्लीतील सर्व माणसे जिवंत होती आणि यंत्रमाग चालू होते. वस्तीतील मैत्रीचे मोजमाप आम्हांस यापेक्षा वेगळे करता येत नाही.