तेलपंपाची तहकीकात

मोटारीचे इंजिन पूर्ण उकलून पुन्हा बांधण्याला आमच्याकडे ‘इंजिन काम’ म्हणतात, आणि या कामाच्या गेल्या साठ वर्षांचा हिशेब मांडू गेल्यास एक विसंगती पदोपदी आढळते: बोअर, पिस्टन आणि रिंगा यांविषयी मालक हिरीरीने हुज्जत घालतो, सीलमधून ठिबकणाऱ्या तेलाची कैफियत न चुकता गुदरतो, परंतु क्रँकशाफ्टची गती तेलपंपापर्यंत पोहोचविणारा जो लहानसा दुवा, मग ती गरारी असो, साखळी असो की पट्टा असो, त्याची विचारपूस करणारा मालक विरळा. गळती अंगणातील फरशीवर डाग पाडते. झीज कोठेच डाग पाडीत नाही.

1948 साली निजामी अमदानी संपली, 1956 साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि त्यानंतरची दोन-अडीच दशके आमच्या औरंगाबादच्या रस्त्यांवर मुख्यत्वे अ‍ॅम्बॅसडर आणि फियाट या दोन कुळांचीच सत्ता राहिली. अ‍ॅम्बॅसडरच्या 1489 घन सेंटिमीटर इंजिनात पंपाला गती मिळे ती कॅमशाफ्टच्या मध्यावरील तिरक्या दात्यांच्या गरारीकडून. म्हणजे इंजिनाच्या तळाचे तेलाचे चेंबर उतरविल्यावाचून पंप आणि कॅमशाफ्ट काढल्यावाचून ते दाते यांची रुजुवात घालणे अशक्य. जाणता मिस्त्री पंपाच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून खालच्या फटीत फीलर गेजचे पाते सरकवी. रोटर आणि पट्टी यांतील अंतर इंचाच्या पाच सहस्रांशांहून, आणि दोन रोटरांच्या उंचवट्यांमधील अंतर सहा सहस्रांशांहून अधिक भरले, तर पंप बाद. हे आकडे इंजिनाच्या मूळ निर्मात्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, म्हणजे बीएमसीच्या, पुस्तिकांतले होते खरे, परंतु त्या पुस्तिका ज्यांच्या हाती कधी पडल्या नाहीत असे उस्तादही पात्याच्या स्पर्शावरून तोच निवाडा देत, आणि तो क्वचितच चुके.

याच इंजिनाच्या मागील टोकाची गोष्ट मला अधिक उद्बोधक वाटते. तेथे आजच्या अर्थाने सील नव्हतेच. क्रँकशाफ्टवर कोरलेले मळसूत्री आटे, शाफ्ट फिरत असताना, बाहेर निघू पाहणारे तेल माघारी चेंबरात लोटीत. ही तजवीज शाफ्ट आणि त्याभोवतीचे कवच यांतील अत्यंत सूक्ष्म अंतरावर अवलंबून असे, आणि मेन बेअरिंग झिजून शाफ्ट खाली बसला की तेच अंतर विषम होऊन तेल क्लचकडे उतरू लागे. अशा वेळी मालकाच्या आग्रहाखातर पॅकिंगला शेलॅक फासून गाडी परत देणे म्हणजे साक्षीदाराचे तोंड बंद करून खटला निकालात काढणे होय. गळती हा रोग नव्हता. तो झिजेचा पुरावा होता, आणि तीच झीज तेलाचा दाबही खाली आणीत असे. मलिक अंबरच्या नहरीचा उगम आटला तर शेवटचा हौद प्रथम कोरडा पडावा, तद्वत पंप दुबळा झाला की सर्वांत वरच्या रॉकरशाफ्टची उपासमार प्रथम सुरू होई.

फियाटच्या 1089 घन सेंटिमीटर इंजिनातील पंप दोन दातेरी चक्रांचा. त्याच्या झाकणावर पडलेली चाकोरी काचेवर एमरी पेपर पसरून घासून सपाट करण्याचा प्रघात होता, आणि सुटा भाग मुंबईहून येईपर्यंत गाडी अडवून ठेवण्यापेक्षा तो पुष्कळच शहाणपणाचा होता.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 अवतरली आणि पंप क्रँकच्या पुढील नाकावरच जाऊन बसला. मधला दुवा जवळजवळ नाहीसा झाला. पुढचे सील पंपाच्याच कवचात आले. सोय झाली, पण ते सील कडक होऊन पाझरू लागले की तेल टायमिंगच्या रबरी पट्ट्यावर जाई आणि पट्टा अकाली खराब होई. सीलच्या ओठाने शाफ्टवर पाडलेली खाच नखाला लागते की नाही हे न पाहता नवे सील ठोकून बसविणारे तेव्हाही होते.

2001 साली औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात स्कोडाची ऑक्टेव्हिया जुळविली जाऊ लागली. तिच्या डिझेल इंजिनाचा पंप क्रँकवरून साखळीने फिरे. ऑक्टोबर 2010 मध्ये याच शहराने दीडशे मर्सिडीझ गाड्या एकदम खरेदी करून देशाला चकित केले. या वैभवाबरोबर तपासणीची दृष्टीही वाढली असती तर बरे झाले असते. फोक्सवागन समूहाच्या दोन लिटर डिझेल इंजिनांपैकी काहींत पंपाला फिरविणारी बोटाएवढी षट्कोनी दांडी असे. तिचे कोपरे गोल झाले की पंप निर्दोष असूनही जागीच थांबे, लाल दिवा लागे, आणि तोवर टर्बोचा बळी गेलेला असे. युरोपात हा दोष पुष्कळ गाजला.

सीलचे द्रव्यही पालटले. पीटीएफईचे, म्हणजे टेफ्लॉनचे, सील कोरडेच बसवावे लागते. जुन्या सवयीने त्याच्या ओठाला तेल चोळणारा हात येथे अपायच करतो.

आणि आता पट्टाच तेलात बुडाला आहे. फोर्डच्या एक लिटर इकोबूस्ट इंजिनात पंप फिरविणारा पट्टा तेलातच धावतो. त्याचे तंतू सुटून शोषनळीच्या जाळीत साचतात आणि पंप तेलावाचून तडफडतो, म्हणून चेंबर उतरताच प्रथम जाळी पाहावी, मग पट्टा, आणि सील त्यानंतर. युरोपात या पट्ट्याला दहा वर्षांची मुदत दिली गेली. आपल्याकडे हे इंजिन 2013 च्या इकोस्पोर्टमध्ये आले, म्हणजे पहिल्या गाड्यांची ती मुदत, औरंगाबादचे नाव बदलले त्याच 2023 साली, उलटून गेली आहे.