एसजीपीटी वाढले, म्हणजे नेमके काय?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामगारांची रक्ततपासणी झाली, की काही दिवसांनी अहवाल हातात पडतो. त्यातला एखादा आकडा ठळक छापलेला असतो आणि पुष्कळदा तो यकृताचा असतो. अशा तपासण्या करताना मला दोन प्रकारची माणसे भेटतात. एकाला वाटते, लिव्हर गेले, आता सगळे संपले. दुसरा कागदाची घडी करून खिशात घालतो. नोकरी जाईल या भीतीने घरीसुद्धा बोलत नाही. दोघांनाही समजून घ्यायची गोष्ट एकच आहे.

एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताच्या पेशींतली एन्झाइम्स. पेशींना इजा झाली की ती रक्तात उतरतात. इजा कशामुळे झाली, हे मात्र नुसत्या आकड्यावरून कळत नाही. शिवाय ही एन्झाइम्स, विशेषतः एसजीओटी, स्नायूंतही असतात. आदल्या दिवशी जड ओझी उचलली, तरी आकडा वाढू शकतो. 'नॉर्मल' मर्यादाही साधारण ९५ टक्के निरोगी माणसे आत बसतील अशी आखतात. म्हणजे विसात एखादा धडधाकट माणूस बाहेर राहणारच. काहींचे बिलिरुबिन उपाशीपोटी रक्त दिल्यामुळे थोडे जास्त दिसते. याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. तो जन्मजात आणि निरुपद्रवी असतो. त्यासाठी काविळीची माळ घालायला नको, की नाकात औषध पिळायला नको.

पण म्हणून अहवाल फेकून देऊ नका. यकृतातली चरबी, दारू, हिपॅटायटिस बी आणि सी, क्षयाची औषधे, मनाने घेतलेल्या गोळ्या आणि काढे, ही नेहमीची कारणे. आपल्याकडे आकडा वाढला की 'घेतोस का?' एवढाच प्रश्न विचारला जातो. न पिणाऱ्याला तो लागतो आणि खरे कारण तसेच राहते. एकाच शॉपमधल्या पाच-सहा जणांचे आकडे एकदम वाढले, तर तिथली हवा आणि द्रावणे तपासायला हवीत. धातूवरचे तेल काढणारी काही क्लोरीनयुक्त द्रावणे यकृताला घातक असतात.

भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्याची कामाला लावण्यापूर्वी आणि नंतर दर बारा महिन्यांच्या आत तपासणी करणे मालकावर बंधनकारक झाले. आरोग्याच्या नोंदी कामगाराला पाहता आल्या पाहिजेत, हेही त्यातच होते. तपासणीचा हेतू माणूस वाचवण्याचा आहे, त्याला घालवण्याचा नाही. हे व्यवस्थापनाने बोलून दाखवले, तर खिशात लपलेले कागद आपोआप बाहेर येतील.

हिपॅटायटिस बी निघालेल्या माणसाला डब्याच्या पंगतीतून उठवणे हा निव्वळ अन्याय आहे. तो रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतो. एकत्र जेवल्याने नाही. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी या दोन्हींची तपासणी व औषधोपचार मोफत आहेत. 'सी' तर बहुतेकांचा सुमारे तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो.

मग करायचे काय? वाढ थोडी असेल तर दारू पूर्ण बंद करून, डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासा. मागच्या वर्षांचे अहवाल, चालू औषधे आणि कामावरच्या रसायनांची नावे बरोबर न्या. क्षयाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, पोट फुगले किंवा आकडा मर्यादेच्या कित्येक पट असला, तर थांबू नका. त्याच दिवशी दाखवा.

आणि एक. एसजीपीटी नॉर्मल आले म्हणजे यकृत ठणठणीत, असेही नाही. सिरॉसिसमध्येही ते नॉर्मल असू शकते. म्हणून रोज पिणाऱ्याने किंवा मधुमेह असलेल्याने एका आकड्यावर निर्धास्त राहू नये. कायम असा वा कंत्राटी, आपल्या अहवालाची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढच्या वर्षी तिचा उपयोग होईल.