जठरातील अर्बुदाचे फर्मान

कर्करोगविषयक वाङ्मय वाचताना माझे मन वर्षानुवर्षे ज्या एका प्रयोगापाशी अडून राहिले, तो एखाद्या नामांकित रुग्णालयात नव्हे, तर अमेरिकी नौदलाच्या बेथेस्डा येथील प्रयोगशाळेत, १९६० नंतरच्या एकदोन वर्षांत झाला. लष्करी सेवेत रुजू झालेल्या जूडा फोकमन या तरुण शल्यविशारदाकडे दीर्घ जलप्रवासात रक्ताऐवजी चालेल असे द्रावण सिद्ध करण्याचे काम होते. ते पारखण्यासाठी त्याने व फ्रेडरिक बेकर याने देहाबाहेर काढलेल्या कंठग्रंथी काचपात्रात जिवंत राखल्या आणि त्यांत उंदराच्या कर्कपेशी सोडल्या. अर्बुदे उगवली, एकदोन मिलिमीटर वाढली आणि थबकली. ती मेली मात्र नव्हती, कारण उंदराच्या अंगात परत घालताच तीच बेसुमार फोफावली. उणीव होती ती नव्या रक्तवाहिन्यांची. अर्बुद काही द्रव्य स्रवून वाहिन्यांना आपल्याकडे बोलावते, आणि ते अडविल्यास त्याची रसद तुटेल, हा सिद्धांत फोकमनने १९७१ मध्ये मांडला. पुढे कित्येक वर्षे त्याच्या वाट्याला आलेली उपेक्षा मला आजही अन्यायाची वाटते.

१९८३ मध्ये ड्व्होराक यांच्या चमूला वाहिन्या पाझरवणारे एक प्रथिन गवसले, १९८९ मध्ये फेरारा यांनी वाहिन्या वाढविणारे प्रथिन वेगळे केले, आणि दोन्ही एकच निघाली: व्हीईजीएफ. जठरात हेलिकोबॅक्टरमुळे वर्षानुवर्षे धुमसणारा दाह आणि वाढत्या गाठीतील प्राणवायूची टंचाई या दोहोंमुळे या प्रथिनाचे फर्मान सुटते. वाहिनीच्या अस्तरपेशीवरील दुसऱ्या क्रमांकाचा ग्राही ते स्वीकारतो, आतील विकरांची साखळी जागी होते, आणि पेशी विभागून गाठीच्या दिशेने सरकू लागतात.

ते फर्मान वाटेतच जप्त करणारे बेव्हासिझुमॅब ७७४ जठररुग्णांच्या चाचणीत रसायनोपचाराच्या जोडीने दिले गेले. गाठी अधिक प्रमाणात आक्रसल्या, रोगाची आगेकूचही लांबली. पण मध्य आयुर्मान १०.१ महिन्यांवरून १२.१ महिन्यांवर गेले, तरी संख्याशास्त्राच्या कसोटीला तो फरक उतरला नाही. उलट, ग्राहीचेच दार बंद करणाऱ्या रामुसिरुमॅबने, पहिला उपचार निष्फळ ठरलेल्या ३५५ रुग्णांत, ३.८ महिन्यांचे ५.२ महिने केले, आणि ते ग्राह्य धरले जाऊन २०१४ मध्ये अमेरिकेत त्यास परवानगी मिळाली. सव्वा महिन्याहून किंचित अधिक अशा या लाभाला क्षुल्लक म्हणण्यास मी तयार नाही.

तथापि या दोन निकालांहूनही पहिल्या चाचणीचा प्रदेशवार तक्ता मला अधिक बोलका वाटतो. औषधाविना व औषधासह आयुर्मान आशियात १२.१ व १३.९ महिने, युरोपात ८.६ व ११.१, तर अमेरिका खंडांत ६.८ व ११.५ असे होते. नंतर रक्त व ऊती तपासता, आशियाबाहेरच्या ज्या रुग्णांच्या रक्तद्रवात व्हीईजीएफ अधिक, किंवा गाठीत न्यूरोपिलिन हे सहग्राही प्रथिन कमी, त्यांना औषध अधिक लागू पडण्याचा कल दिसला. कोणत्या रुग्णास हे औषध द्यावे, हे आधी सांगणारी खात्रीची खूण मात्र त्यातून अद्याप हाती आलेली नाही. आणि माझ्या मते संशोधनाचा पैसा चौथे-पाचवे तत्सम औषध घडविण्यापूर्वी त्या खुणेच्या शोधावर खर्च व्हावा.